ट्रायथलॉनची पहिली पायरी

(शिरढोण येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षकाने भाषणाला उभे राहावे आणि अभ्यासाविषयी बोलू नये, हे आपणांस थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु आज मी पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तीन गोष्टींविषयी बोलणार आहे. या तिन्ही एकापाठोपाठ एक करावयाच्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. मी कोणी क्रीडातज्ज्ञ नाही. बी. ए., बी. एड. झालेला साधा शिक्षक आहे. वयाच्या चौतिसाव्या वर्षी पोहायला शिकलो आणि छत्तिसाव्या वर्षी अशी एक छोटी शर्यत पुरी केली. माझा क्रमांक मात्र विचारू नका. माझ्यामागे फार थोडे लोक होते!

ही शर्यत आली कोठून? १९७४ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथे धावपटूंच्या एका मंडळाने गंमत म्हणून ती भरविली. पुढे हवाई बेटांवर वाद निघाला की, सर्वांत दमदार कोण? पोहणारा, सायकलवाला की धावणारा? तो मिटविण्यासाठी तेथील तीन मोठ्या शर्यती एकत्र जोडल्या गेल्या आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये पंधरा जण उतरले. त्यांपैकी बारा जणांनी ती पुरी केली. हीच ती प्रसिद्ध ‘आयर्नमॅन’ : ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणे. सन २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनला स्थान मिळाले. आपले मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिच येथे पन्नाशीच्या उंबरठ्यावर आयर्नमॅन पुरी केली आणि २०१९ मध्ये गोव्यात तिची निम्म्या अंतराची शर्यत झाली.

हे आकडे ऐकून घाबरू नका. नवख्यांसाठी ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे अशी शर्यत असते. त्याहूनही लहान म्हणजे साधारण ४०० मीटर, १० किलोमीटर आणि अडीच किलोमीटर. शाळेला रोज सायकलने जाणाऱ्या मुलाला यातील दोन भाग परके नाहीत. अडते ते पाण्यापाशी.

आणि खरे सांगावयाचे ते येथेच आहे. आपला जिल्हा खाडीचा, नद्यांचा आणि समुद्राचा. आपल्या आजोबांच्या पिढीतील मुले पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकत. काठावर कोणीतरी वडीलधारे उभे असे. आता कित्येक विहिरी बुजल्या, कित्येकींवर जाळ्या बसल्या. भोपळा गेला आणि काठावरचा माणूसही गेला. पाण्याची ओढ मात्र गेली नाही. दर पावसाळ्यात धबधब्यावर किंवा धरणावर सहलीला गेलेली मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. चार मित्र जातात, एक घसरतो, त्याला वाचवायला दुसरा उडी घेतो आणि दोघेही जातात. म्हणून माझे म्हणणे असे की, शर्यत हे निमित्त आहे. पोहायला शिकणे हे काम आहे.

माझीच गोष्ट सांगतो. तरणतलावात मी न थांबता तीस फेऱ्या मारू लागलो होतो. पंचवीस मीटरच्या तलावात तीस फेऱ्या म्हणजे बरोबर ७५० मीटर. झाले, मला वाटले आपण तयार झालो! मग एका मोठ्या तळ्यात सराव ठरला. तेथे धरायला भिंत नाही, खाली पाहावे तर तळ दिसत नाही. शंभर मीटरही गेलो नसेन, तोच छाती धडधडू लागली आणि श्वास लागला. होडीतून शिकविणारे ओरडले, “मास्तर, पाठीवर वळा!” मी वळलो आणि आकाशाकडे पाहत पडून राहिलो. दोन मिनिटांत श्वास ताळ्यावर आला. त्या दिवशी कळले की, हातपाय मारता येणे आणि पाण्यात शांत राहता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरी आधी शिकावी.

म्हणून पहिले काही आठवडे वेगाचा विचारच करू नका. पाण्याखाली नाकातोंडाने श्वास सोडणे, वर येऊन घेणे, पाठीवर तरंगणे, एवढेच करा. मग हात आणि पाय. शर्यतीत कोणत्याही पद्धतीने पोहले तरी चालते; दमल्यास मदतीच्या होडीला धरून विसावाही घेता येतो, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचे नाही. उघड्या पाण्यात मात्र जाणता माणूस आणि होडी सोबत असल्याशिवाय कधीही उतरू नका. पुराच्या पाण्यात तर पट्टीच्या पोहणाऱ्यानेही जाऊ नये. कोणी बुडत असेल तर उडी न मारता काठावरूनच दोरी, काठी, ओढणी फेका, आणि मदतीसाठी हाका मारा.

आता सायकल. येथे आपले लोक ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ अशी गत करून घेतात आणि आधी महागडी सायकल पाहतात. घरची सायकल पुरते. ब्रेक नीट असावेत, चाकांत हवा भरलेली असावी, आणि पायटा खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी बैठक उंच असावी. हेल्मेटवर मात्र पैसे खर्च करा. शर्यतीत हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हातही लावू देत नाहीत. आपल्या दारावरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. त्यावर किंवा कर्नाळ्याच्या घाटात सराव करू नका. गावातील आतले रस्ते पहाटे मोकळे असतात.

धावताना कसोटी एकच : सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करा. सुरुवातीला दोन मिनिटे धावा, दोन मिनिटे चाला. सायकलवरून उतरून लगेच धावायला लागलात की, पाय लाकडासारखे वाटतात. घाबरू नका, आठवड्यातून एकदा दोन्ही जोडून केले की सवय होते.

ज्याला थोडे पोहता येते त्याला तीन ते चार महिने पुरतात. आठवड्यात दोन दिवस पोहणे, दोन दिवस सायकल, दोन दिवस धावणे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. अंतर दर आठवड्याला साधारण एक दशांशाने वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करा. पी हळद नि हो गोरी, असे येथे होत नाही. रमजानमध्ये अंतर वाढविण्याचा हट्ट नको. इफ्तारनंतर काही वेळाने हलका सराव पुरे. शर्यतीच्या दिवशी नवा बूट नको आणि नवे खाणेही नको. केळे, खजूर, मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी, जे सरावात पचले तेच घ्यावे. पालकांपैकी कोणी उतरणार असेल आणि रक्तदाब, मधुमेह किंवा छातीत दुखण्याची तक्रार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

“मुलींचे काय?” असे काही माताभगिनी मला विचारतात. पाणी मुलगा-मुलगी पाहून बुडवीत नाही. अनेक तरणतलावांवर स्त्रियांसाठी वेगळी वेळ असते आणि पोहण्याच्या कापडाचा पूर्ण अंगाचा पोशाखही मिळतो. साधी सलवार-कमीज पाणी धरून जड होते, म्हणून ती टाळावी.

“यात अभ्यास बुडतो,” ही दुसरी तक्रार. ज्या गावी आपण बसलो आहोत, तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. पुण्यात सरकारी कचेरीत नोकरी करीत असताना लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत त्यांनी शरीर कमावले. नोकरी होती म्हणून तालीम चुकविली नाही. माझ्यापुरते सांगतो : पहाटे उठायचे म्हणून रात्री लवकर निजू लागलो, आणि वह्या तपासण्याचे काम साचेनासे झाले.

विद्यार्थी मित्रांनो, शर्यतीत उतरलेच पाहिजे असे मी म्हणत नाही. पालकांकडे मात्र एक मागणे आहे. येत्या उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या घरातील एका मुलाला किंवा मुलीला जाणत्या शिक्षकाकडे पोहायला घाला, आणि पहिले काही दिवस स्वतः काठावर उभे राहा. विहिरीच्या काठावरचा तो माणूस आपल्यालाच व्हावयाचे आहे. पुढे ते मूल शर्यत पुरी करील तेव्हा आनंदच होईल; पण पावसाळ्यात सहलीला गेलेले मूल संध्याकाळी हसत घरी परतले, तरी माझ्या हिशेबी बक्षीस मिळाले.