लॅक्स्टनचं बिनकुंपणाचं शिवार

इंग्लंडमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी तोवर उरलेली बहुतेक खुली शिवारं कुंपणाआड गेली. नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन गावानं मात्र मध्ययुगीन पद्धत आजवर जपली आहे. इथल्या तीन मोठ्या शिवारांत शेतकऱ्यांचे लांबट पट्टे शेजारी-शेजारी आहेत. मधे कुंपण नाही. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरलेलं पीक, तिसरं पडीक. दरवर्षी पाळी बदलते. १६३५ सालच्या नकाशात हे पट्टे स्पष्ट दिसतात. नोव्हेंबरअखेर गावचे पंच गव्हाच्या शिवाराची पाहणी करतात. कुणी वाटेवर नांगर घातला, तर ‘कोर्ट लीट’ हे गावचं न्यायालय दंड करतं. शेतकऱ्यांनी सांभाळलेल्या या शिस्तीवर लॅक्स्टनचं शिवार आजही चालतं.