पदव्युत्तर शिक्षण : कशासाठी आणि कसे?

(चांदूर बाजार येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



कार्यक्रमापूर्वी एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "सर, पोरगं बी.एस्सी. झालं. आता त्याले एम.एस्सी.ले टाकू, का बगिच्यात घालू?" प्रश्न साधा आहे, पण दोन वर्षांचा खर्च, संत्र्याच्या बागेला हवा असलेला हात आणि मुलाचे भवितव्य हे सारे त्यात पणाला लागले आहे.

मी स्वतः एम.ए.ला गेलो तो केवळ नोकरी मिळाली नाही म्हणून. वसतिगृहात दोन वर्षे राहिलो, पदवी मिळाली. पण निर्णय मात्र दोन वर्षे पुढे ढकलला गेला, एवढेच. त्या काळात वडिलांनी बैलजोडी विकली होती, हे मला फार उशिरा कळले. म्हणून तरुण मित्रांना सांगतो, प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा : या दोन वर्षांत मला नेमके काय शिकायचे आहे? उत्तर दोन वाक्यांत देता आले, तर अवश्य जा. "नाहीतर दुसरं काय करू?" एवढेच उत्तर असेल, तर एक वर्ष थांबा. काम करा, बाग सांभाळा, वाचन करा. आपल्याच तालुक्यातील माधानच्या प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. तरीही अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. ज्ञानसाधना प्रवेशपत्रावर अवलंबून नसते.

व्यवहारही पाहावा. महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे असेल, संशोधन करायचे असेल, तर पदव्युत्तर पदवीचा मार्ग जवळजवळ अटळ आहे. परंतु लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला पदवी पुरते. केवळ अभ्यासिकेत बसता यावे म्हणून एम.ए.ला नाव घालणे म्हणजे दोन्हींवर अन्याय.

ज्याच्या मनात प्रश्न आहे, त्याने मात्र मागे हटू नये. डॉ. पंजाबराव देशमुखांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १८९८ साली पापळसारख्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा तरुण १९२० साली इंग्लंडला गेला. एडिंबरा येथे संस्कृतचा अभ्यास, ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर आणि विकासावर संशोधन, शिवाय बॅरिस्टरची पदवी, असा त्यांचा प्रवास. तो प्रबंध १९३३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. काय शिकायचे हे त्यांना ठाऊक होते. आणि शिकून कोठे परतायचे, हेही.

आता अर्ज कसा करावा? आपल्या भागातील शेतकरी संत्र्याची कलमे आणायला शेंदूरजना घाटला जातो, तेव्हा खुंट जंभेरीचा आहे का, मुळे निरोगी आहेत का, हे निरखून घेतो. कारण फळ चार-पाच वर्षांनी यायचे असते. कलम रोगट निघाले तर तेवढी वर्षे वाया. महाविद्यालय निवडताना मात्र आपण मित्र कोठे गेला एवढेच पाहतो! विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय कसे, मागील तुकडीतील मुले आज कोठे आहेत, हे विचारा. शक्य तर एक दिवस जाऊन त्याच मुलांशी बोला.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्याकडे जूनमध्ये निकाल लागल्यावर धावपळ सुरू होते. तोवर अनेक दारे बंद झालेली असतात. आयआयटीमधील एम.एस्सी.साठी असलेल्या 'जॅम' परीक्षेचे अर्ज साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात व परीक्षा फेब्रुवारीत होते. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सामायिक प्रवेश परीक्षा आहे. अंतिम वर्षाचा विद्यार्थी निकालापूर्वीच अर्ज करू शकतो. म्हणजे तयारी दुसऱ्या वर्षापासून हवी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी घेणाऱ्यास एका वर्षात पदव्युत्तर पदवी मिळू शकते, हाही हिशेब मांडावा.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. इतर मागासवर्गीय आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांनी केंद्रीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातील, चालू आर्थिक वर्षाचे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. राज्याच्या नमुन्यातील दाखल्यावर ऐनवेळी अडचण येते. शिफारसपत्र मागायचे तर ज्यांनी तुमचे काम जवळून पाहिले, अशा प्राध्यापकांकडे महिनाभर आधी जा.

पैशाचाही विचार करू. शेत गहाण टाकण्यापूर्वी शिष्यवृत्त्या पाहा. 'नेट' परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास, २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. ही रक्कम पीएच.डी.साठी आहे, पदव्युत्तर पदवीची दोन वर्षे घरालाच पेलावी लागतात. म्हणून शुल्क, खोली, खानावळ यांचा आकडा आधी कागदावर मांडा.

मातांना आणि पित्यांना एक विनंती. हा सारा विचार मुलाइतकाच मुलीसाठीही करा. "लग्नानंतर शिकेल" या वाक्यावर कितीतरी अर्ज कोरेच राहिले आहेत.

शेवटी, परतून आल्यावर पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभे केले. गरीब विद्यार्थ्यांचे ते छात्रालय चालले 'मुष्टिफंडा'वर, म्हणजे घराघरांतून मिळणाऱ्या मूठभर धान्यावर. पुढे १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. आपल्या शिक्षणातही कोणाची तरी मूठ असतेच. आईची, बापाची, समाजाची. अर्जावर सही करताना ती मूठ आठवावी. मग जावे की थांबावे, हा निर्णय जो होईल तो विचारपूर्वक होईल.