दिवाळीची ओवाळणी मुक्या जिवांना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दिवाळीच्या भेटींविषयी चार शब्द बोला, असे मला चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी फराळाच्या डब्यांविषयी किंवा रांगोळीच्या साच्यांविषयी बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी बोलणार आहे ती एका फजितीविषयी, आणि ती फजिती माझी स्वतःचीच आहे.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळ फार उरला. टाकायचे जिवावर येते, हे तुम्हांला सांगायला नको. म्हणून शंकरपाळे, चिवडा, बेदाणे लावलेले लाडू असे दोन पिशव्या भरून मी जनावरांच्या एका आश्रयस्थानात घेऊन गेले. जाताना मनात आपण मोठेच पुण्यकर्म करीत आहोत असा भाव होता. तिथल्या मुलाने पिशवीत डोकावून पाहिले आणि म्हणाला, "मावशी, रागावू नका, पण यातले काही आमच्या जनावरांना चालायचे नाही. घरात रद्दी आहे का?"

राग आलाच, खोटे कशाला बोलू! लाडवांना नाही म्हणतो आणि रद्दी मागतो! पण त्याने मला आत नेले. आजारी कुत्र्यांच्या आणि मांजरांच्या पिंजऱ्यांत वर्तमानपत्रे अंथरलेली असतात, ती दिवसातून किती वेळा बदलावी लागतात ते मी तिथे उभी राहून पाहिले. तान्ह्या मुलाची दुपटी आपण सगळ्यांनीच धुतली आहेत. तेच काम, फक्त मुले चाळीस.

मग तो एकेक सांगत गेला. बेदाण्याने आणि द्राक्षांनी कुत्र्याचे मूत्रपिंड बिघडू शकते. कांदाही त्याला बाधतो, चॉकलेट तर विषच. मोठ्या झालेल्या कित्येक मांजरांना दूध पचत नाही, हे ऐकून मला नवल वाटले. लहानपणापासून आपण बशीच पुढे करीत आलो! गायीची गोष्ट तर याहून विचार करण्यासारखी आहे. तिचे पोट गवत आणि कडबा यांसाठी घडलेले. सणासुदीला प्रत्येक घरची पोळी, प्रत्येक घरचा शिरा आणि भात तिच्यापुढे येतो. इतके धान्य एकदम पोटात गेले की ते आंबते, आम्ल होते, जनावर चारा सोडते आणि वेळेवर इलाज झाला नाही तर दगावते. वसुबारसेला आपल्यापैकी पुष्कळजणी गहू खात नाहीत; पण गायीला मात्र गव्हाच्या पोळ्यांवर पोळ्या घालतो. आणि कित्येकदा प्लॅस्टिकच्या पिशवीसकट! ती पिशवी तिच्या पोटातून बाहेर पडत नाही.

सणाचे दिवस या संस्थांना सर्वांत जड जातात. फटाक्यांच्या आवाजाने बिथरलेली कुत्री घर सोडून पळतात, कुणी गाडीखाली सापडतात. संक्रांतीला मांज्याने पंख कापलेले पक्षी येतात. शिवाय वाढदिवसाला हौसेने भेट दिलेली पिल्ले असतात. कुत्रे १०-१२ वर्षे जगते, ही गोष्ट भेट देणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. सहा महिन्यांनी हौस फिटते, आणि ती भेट अशा एखाद्या दारात बांधून ठेवलेली सापडते. जिवंत भेट कुणी कुणाला न विचारता देऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

ही कामे आपल्या मुंबईला नवी नाहीत. १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, त्यावरून पारशी समाज खवळला आणि शहरात दंगा झाला. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते. नुसती देणगी देऊन ही मंडळी थांबली नाहीत. व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर थोडीथोडी पट्टी बसवून घेतली, म्हणजे उत्पन्न कायमचे झाले. जनावराला चारा रोज लागतो, दिवाळीपुरता नव्हे, हे त्या व्यापारी माणसांना बरोबर कळले होते. परळचे जनावरांचे रुग्णालय दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी दिलेल्या देणगीतून झाले आणि त्याला नाव मिळाले त्यांच्या पत्नीचे, बाई साकरबाईंचे. दुसऱ्याच्या नावाने दान देण्याची रीत ही अशी जुनी आहे. सणाच्या निमित्ताने देण्याची रीतही आपल्या ओळखीची. महर्षी कर्व्यांच्या संस्थेसाठी भाऊबीजेची पावती फाडणारे कार्यकर्ते आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील.

कार्यकारिणीच्या सभेत एका ज्येष्ठ भगिनीने विचारले, "माणसांना पोटभर मिळत नाही, तिथे कुत्र्यामांजरांचे कौतुक कशाला?" प्रश्न रास्त आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. मंडळाच्या शिलाईवर्गाचा किंवा मुलींच्या वह्यांचा एक पैसाही मी मागत नाही. पण अशा संस्थांचा मोठा खर्च नसबंदीवर आणि रेबीजच्या लसीवर होतो. कुत्री सुमारे ६३ दिवसांत विते, आणि एका वेताला चार-सहा पिल्ले सहज असतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही, आणि कुत्र्याजवळ खेळायला जातात ती आपलीच मुले. गल्लीतल्या कुत्र्याला टोचलेली लस आपल्या दारातल्या नातवासाठीही असते. हे ऐकून त्या भगिनी म्हणाल्या, "बघू." त्यांचे "बघू" म्हणजे काय ते जुन्या सभासदांना ठाऊक आहे, मी आशा सोडलेली नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. दर दिवाळीला मंडळ प्रत्येकीला एक डबा भेट देते. माझ्या फडताळात असे अकरा डबे आहेत, त्यांपैकी चारांना झाकणे नाहीत. यंदा डब्याची रक्कम आश्रयस्थानाला द्यावी आणि प्रत्येक सभासदाला तिच्या नावाचे एक साधे भेटपत्र द्यावे. भावाने ओवाळणीत घातलेल्या पैशातले कुणाला थोडे द्यावेसे वाटले तर द्यावे, सक्ती नाही. ज्यांना जमेल त्यांनी महिना ५० रुपये लावून घ्यावेत. त्या व्यापाऱ्यांची पट्टी आपणही चालवून पाहू. पैसे पावती घेऊनच द्यायचे, आणि देण्याआधी दोघींनी जाऊन जागा, पाणी, जनावरांची स्थिती डोळ्यांनी पाहून यायची. दयेच्या नावाखाली कुणी दुकान मांडले असेल तर तेही कळेल.

मी परवा चौकशी करून आले आहे. त्यांना हवे आहे ते हे: रद्दी, जुन्या सुती चादरी आणि टॉवेल, फिनेल, तांदूळ आणि सुका चारा. नायलॉनच्या साड्या नकोत, त्यात पाणी जिरत नाही आणि पिल्लांचे पाय अडकतात. जरीचे काठ आणि गुंड्या काढूनच कापड द्यावे. पोती जिन्याखाली ठेवली आहेत. रविवारी सकाळी टेंपो येईल. फराळ मात्र आपापल्या घरीच संपवावा.