धरणकाठची बंदरं

मासेमारीचं बंदर म्हटलं की हर्णै नाहीतर मालवण डोळ्यांपुढं येतं. नांदेड-लातूरचं नाव कुणी घेत नाही. पण दिवस उजाडायच्या आत विष्णुपुरीच्या जलाशयावर, आपल्या शंकरसागरावर, जाऊन बघा. धक्का नाही, गलबतं नाहीत. लगबग मात्र बंदराचीच. ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून माणूस पाणी मारत काठाला येतो. संध्याकाळी लावलेलं जाळं त्यानं अंधारातच ओढलेलं असतं. मग बायका जाळ्यातून एकेक मासा सोडवतात. कल्ला फाटू द्यायचा नाही आणि जाळंही तुटू द्यायचं नाही. रोहू, कटला एका ढिगात. मरळ वेगळी, पाण्याच्या घमेल्यात. ती हवेतूनही श्वास घेते, म्हणून बाजारात जिवंत पोचते आणि चढ्या भावानं जाते. शेजारच्या तेलंगणानं तर तिला राज्यमाशाचा मान दिलाय.

ही माणसं बहुतेक भोई समाजाची. गोदावरीवर नाव चालवणं, पालखी वाहणं, मासे धरणं ही त्यांची पिढीजात कामं. पूल झाले, पालख्या गेल्या, मासेमारी उरली. पुढं धरणं आली आणि तिचीही रीत पालटली. रोहू-कटला पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांचं प्रजनन घडवून आणलं. देशभर मत्स्यबीज तयार होऊ लागलं ते त्यामुळं. आज मच्छीमारांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्यानं घेतात, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडतात. म्हणजे शेतकऱ्यासारखी भोयालाही आता पेरणी आली, आणि पेरणीबरोबर कर्जही आलं.

लातूरकरांना २०१६चा उन्हाळा सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. घागरींच्या रांगा साऱ्या देशानं पाहिल्या. धरणाच्या भेगाळलेल्या तळाशी ज्यांचा धंदाच संपला, त्यांच्याकडं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. ते कुठं ऊसतोडीला गेले असतील, कुठं बांधकामावर. त्याच वर्षी पावसाळ्यात धरण भरलं, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण पाणी आलं म्हणून मासा लगेच येत नाही. बोटुकली सोडल्यावर किलोभराचा मासा व्हायला वर्षभर तरी लागतं. तोवर जाळं खुंटीला.

म्हणून माझं मागणं साधं आहे. दुष्काळात पिकाचा पंचनामा होतो, तसा गेलेल्या मासळीचाही व्हावा. आणि कोरडं पडलेलं धरण ज्या पावसाळ्यात भरेल, त्याच पावसाळ्यात संस्थांना मत्स्यबीज उधारीवर मिळावं. पैसे पहिली मासळी निघाल्यावर घ्यावेत.