पाच विजय, सात पराभव



कामगार संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाने फुटबॉलवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आज ज्या संघाच्या हंगामाविषयी मी बोलणार आहे, त्याचा संबंध चेंडूपेक्षा श्रमाशी अधिक आहे. संघ अमेरिकेतील मिझुरी विद्यापीठाचा, कोलंबिया शहरातला. हंगाम २०१५ सालचा.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे, शिरस्त्राण घालून एकमेकांना आडवे पाडायचे, असा तो दांडगा खेळ. तिकडे महाविद्यालयांचे सामने पाहायला हजारोंनी माणसे लोटतात, आणि ते दाखवण्यासाठी दूरचित्रवाणी कंपन्या अफाट पैसा मोजतात. मिझुरीचे प्रशिक्षक गॅरी पिंकेल यांचा वर्षाचा पगार सुमारे ४० लाख डॉलर होता. मुलांना पगार नव्हता; शिष्यवृत्ती आणि वरखर्चापुरती रक्कम, एवढेच. ही मुले कामगार की विद्यार्थी, हा वाद तेव्हा पेटलेलाच होता. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी २०१४ साली संघटनेसाठी मतदान केले. पण १७ ऑगस्ट २०१५ रोजी तेथील राष्ट्रीय कामगार मंडळाने त्या प्रकरणात हात घालण्याचे नाकारले. मते मोजलीच गेली नाहीत.

आता मिझुरीकडे वळू. विद्यापीठ १८३९ सालचे, पण त्यात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आला तो १९५० साली. २०१५ च्या शरद ऋतूत तेथे वर्णद्वेषी शिवीगाळीच्या तक्रारी वाढल्या. शिकता शिकता शिकवणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे आरोग्यविम्याचे साहाय्य ऑगस्टमध्ये जेमतेम एका दिवसाच्या सूचनेने काढून घेतले गेले. ओरड झाल्यावर ते परत मिळाले. अध्यक्ष टिम वुल्फ तक्रारींकडे लक्ष देत नाहीत, ही भावना बळावली. २ नोव्हेंबरला जोनाथन बटलर हा पदव्युत्तर विद्यार्थी अन्नत्याग करून बसला. वुल्फ पदावरून जाईपर्यंत अन्न घेणार नाही, अशी त्याची प्रतिज्ञा होती.

संघाची अवस्था त्या वेळी बिकट होती. नऊ सामन्यांत चार जिंकलेले, पाच हरलेले, आणि शेवटचे चार पराभव तर ओळीने. असा संघ सहसा मान खाली घालून सराव करतो. या संघातील कृष्णवर्णीय खेळाडूंनी ७ नोव्हेंबरच्या रात्री जाहीर केले की, वुल्फ राजीनामा देईपर्यंत आम्ही मैदानात उतरणार नाही. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी त्यांना जाहीर पाठिंबा दिला. सराव बंद पडला.

मंडळी, आता हिशेब पाहा. १४ तारखेला कॅन्सस सिटीत ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी सामना ठरलेला होता. तो रद्द झाला असता तर मिझुरीला करारान्वये १० लाख डॉलर भरावे लागले असते. बटलरच्या उपोषणाला आठवडा होत आला होता. विद्यार्थी मैदानात तंबू ठोकून बसले होते, प्राध्यापकही उठले होते. या सर्वांनी जमीन नांगरून ठेवली होती, हे विसरणे अन्यायाचे होईल. तरीही खेळाडूंच्या घोषणेनंतर दोन दिवसांच्या आत, ९ नोव्हेंबरला, वुल्फ यांनी राजीनामा दिला. बटलरने उपोषण सोडले.

यातून मी तीन गोष्टी घेतो. पहिली अशी, की ज्याच्यावाचून काम अडते, त्याच्या हाती सामर्थ्य असते. कायदा त्याला कामगार म्हणो वा न म्हणो. दुसरी, वेळ. सामन्याला आठवडा उरला असता दिलेला नकार हंगाम संपल्यावर दिला असता, तर त्याची किंमत शून्य झाली असती. तिसरी मला सर्वांत मोठी वाटते. या मुलांनी स्वतःसाठी एक डॉलरही मागितला नाही. दुसऱ्याच्या पोटातली भूक त्यांनी आपली मानली, आणि शिष्यवृत्ती ही आपली एकमेव मिळकत पणाला लावली.

तो धोका काल्पनिक नव्हता. डिसेंबरमध्ये राज्याच्या विधिमंडळात एका सदस्याने, संप करणाऱ्या खेळाडूंची शिष्यवृत्ती काढून घ्यावी असे विधेयक मांडले. टीका झाल्यावर ते मागे घेतले गेले. विद्यापीठालाही झळ लागली. २०१७ पर्यंत प्रथम वर्षाचे प्रवेश शेकडा ३५ च्या आसपास घटले. यश फुकट मिळत नाही, आणि त्याची किंमत पुष्कळदा पुढच्या लोकांनाही मोजावी लागते. हे लपवून जो संप सांगतो, तो अनुयायांना फसवतो.

संघ पुन्हा सरावाला लागला. १३ नोव्हेंबरला पिंकेल यांनी कर्करोगामुळे हंगामाअखेर निवृत्त होत असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी संघ २० विरुद्ध १६ असा जिंकला. पुढचे दोन्ही सामने तो हरला. पाच विजय, सात पराभव, अशी नोंद झाली.

१ जुलै २०२५ पासून अमेरिकेतील विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मोकळीक मिळाली. ती न्यायालयीन लढ्यांतून आली. तिचे श्रेय मिझुरीच्या मुलांना देणे खरे होणार नाही. पण मोबदला मिळू लागला म्हणजे माणूस मोकळा झाला, असे नव्हे. पगारी माणसालाही एके दिवशी ठरवावेच लागते की, शेजारी उपाशी बसला असता आपण आपले काम निमूटपणे चालू ठेवायचे की नाही. त्या मुलांनी आपले उत्तर दिले. आपण आपले द्यायचे आहे.