मुंबईची सहल, बायकांच्या नजरेने

सुगी आटोपली की गटागटांत मुंबई सहलीचं बोलणं निघतं. गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, चौपाटी ही यादी तोंडपाठ असते. ते सगळं बघाच. पण सहलीला आपल्या कष्टाचे पैसे जातात, तर येताना चार गोष्टी शिकूनही येऊ. मुंबई बंदरावर वाढली, आणि तिच्या कष्टात बायकांचा वाटा मोठा आहे.

एक दिवस पहाटेच कुलाब्याच्या ससून डॉकला जा. ही गोदी १८७५ सालची. बोटी लागतात, टोपल्या उतरतात, लिलाव पुकारला जातो. कोळणी माल पारखून भाव करतात. बाजूलाच बायका ओळीने बसून कोळंबी सोलत असतात. मासळी एकच, पण विकणारीची कमाई वेगळी, सोलणारीची मजुरी वेगळी. हा फरक नीट बघा.

मग भाऊचा धक्का. कोकणातले चाकरमानी बोटीने इथे उतरायचे आणि परळ-लालबागच्या गिरण्यांत कामाला लागायचे. बायकामुलं गावी, म्हणून जेवण खानावळीत. ती खानावळ चालवणारी बाई आपल्यासारखीच. महिनाभर उधारीवर जेवू घालायचं, त्यासाठी सावकाराकडे दागिने ठेवायचे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्या हाती आलं. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या, जेवणारेच गेले. म्हणून सांगते, एकाच गिऱ्हाइकावर धंदा उभा करू नका.

लालबागला मसाल्याच्या गल्लीत जरूर थांबा. मिरची निवडून घेणं, भाजणं, डंकावर कुटून घेणं, सगळं डोळ्यांसमोर होतं. आपल्या मसाला गटांनी भाव लिहून आणावेत.

शेवटी गिरगाव. १९५९ साली इथल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. तिथे लाटणारी बाई मजूर नाही, मालकीण आहे.

आता माझं एक मागणं. सहलीला जाताना वही बरोबर घ्या आणि दिसेल त्या प्रत्येक कामाबद्दल तीन प्रश्न लिहा: भांडवल कुणाचं? भाव कोण ठरवतं? पैसा कुणाच्या हातात जातो? परत आल्यावर हेच तीन प्रश्न आपल्या गटाच्या बैठकीत आपल्या धंद्याला विचारा. उत्तरात तुमचं नाव तिन्ही ठिकाणी आलं, तर तुम्ही मालकीण. एखाद्या ठिकाणी आलं नाही, तर पुढच्या बैठकीचा विषय तोच.

सहल सुखाची होवो.