गाळणे, रंग आणि अदृश्य जीव



पाणी गाळून प्यावे आणि गाळण्यावर राहिलेले जीव मूळ जलाशयात अलगद सोडावेत, हा संस्कार आपणांस घरातूनच लाभला. मी कापडाचा व्यापारी. गाळण्याचे कापड विकतो, तसेच रंगीत कापडही. त्या रंगाचे पाणी पुढे कोठे जाते, याचा विचार मात्र मी फार उशिरा केला.

डोंबिवली औद्योगिक वसाहतीत कापडप्रक्रिया आणि रसायने, दोन्हींचे कारखाने आहेत. उल्हास व वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाबाबत राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली कठोर निकाल दिला, हे आपण जाणताच. सामूहिक प्रक्रिया केंद्रांतील टाक्यांत यंत्रे हवा पुरवितात. घाण पचविण्याचे कार्य कोट्यवधी सूक्ष्मजीव करतात. 1914 साली मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी ही पद्धत मांडली.

2004 साली विल्म्स व बाँड यांनी अशा गाळातील संपूर्ण जीवसमूहाची प्रथिने एकत्र तपासण्याचा मार्ग दाखविला. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगतो. जनुके म्हणजे दुकानाची पाटी. प्रथिने म्हणजे रोजमेळ. आज प्रत्यक्ष व्यवहार काय झाला, ते रोजमेळच सांगतो. गाळातील प्रथिनांचे तुकडे करून त्यांचे वस्तुमान मोजतात आणि जनुकांच्या नोंदींशी ताळा जुळवितात.

ॲझो रंगांचेच पाहा. प्राणवायू नसताना काही जीवाणूंची विकरे रंगाचा बंध तोडतात. रंग जातो, परंतु उरलेली अमाइन्स घातक असू शकतात. त्यांतील बरीचशी प्राणवायूच्या सान्निध्यात दुसरे जीवाणू पचवितात. म्हणजे पाणी रंगहीन झाले म्हणून निर्दोष झाले, असे नव्हे. दुसरा गट कामावर आहे की नाही, याचा सुगावा प्रथिनांतून लागतो. ही तपासणी खर्चिक आहे, रोजच्या चाचण्यांना पर्याय नाही. पण बिघाडाचे मूळ शोधण्यास उपयोगी आहे.

एका रात्री कोणी तीव्र रसायन सोडले, तर हा उपकारी समूहच नष्ट होतो. तत्त्वार्थसूत्राने सांगितलेला जीवांचा परस्पर उपकार आपण असा फेडावा काय?

आता मी पुरवठादारांना विचारतो, "तुमचे पाणी कोठे जाते?" दोघांनी उत्तर टाळले, त्यांच्याकडील खरेदी मी बंद केली. तोटा झाला, तो वहीत मांडला. आपणही हा प्रश्न विचारावा, एवढीच विनंती.

बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.